पाचरीतलं भोक

विशाखापट्टणम
९ जून २०२५

ती. दाजी यांस,
कृष्णातचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच असा बैठक मारून पत्र लिहितोय. अक्षराला हसू नका.

आमची 'दुर्दम' गेली. गेल्या महिन्यात तिचा झेंडा उतरवला. तिच्या जातीच्या पाच विनाशिका होत्या, त्यातली ही शेवटची. आता ओढत नेतील आणि भंगारात तोडतील. एकवीस वर्षं मी तिच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटी तिथला चीफ झालो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी झेंडा उतरताना रडलो. बायको म्हणाली, माझ्या बापाच्या मयतीला एवढं रडला नव्हता.

पत्राचं कारण असं की आमचे जुने साहेब विजयसिंह आता या पाची बोटींची हकिकत लिहून काढताहेत. बांधणाऱ्या देशाचे तुकडे झाले, सुटे भाग यायचे थांबले, त्यानंतर या बोटी इतकी वर्षं कशाच्या जिवावर चालल्या, हे त्यांना मांडायचं आहे. मी म्हटलं, साहेब, निम्म्या तर आमच्या दाजींच्या उद्यमनगरातल्या लेथवर चालल्या. ते हसले, पण वहीत लिहून घेतलं.

तर तुम्ही काय काय करून दिलंत ते आठवेल तसं लिहून पाठवा. पंपाचे पंखे, बुश, कूलरची झाकणं, जे असेल ते. व्हॉल्व्हचं राहू द्या, त्याची नोंद इथं आहे.

आक्काला नमस्कार. सूनबाई अनुजाला आणि नात संयोगिताला आशीर्वाद. यायचं फार मनात येतं, पण गुडघे साथ देत नाहीत.

आपला,
कृष्णात

---

गडमुडशिंगी
२४ जून २०२५

चि. कृष्णात यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझं होतं तसंच आहे, कोंबडीनं पाय ओढल्यागत. तुझ्या आक्कानं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलं. वाचून दाखवू का म्हटलं तर म्हणाली, "गुडघं दुखत्यात एवढंच असंल की त्यात." तू बारा वर्षं आला नाहीस, त्याचा राग आहे.

आता साहेबांसाठी लिहितो. अठ्ठ्याण्णव साली तू सुट्टीवर आलास तो ज्वारीच्या पोत्यात पंपाचा पंखा बांधून. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, पोत्यात काय हाय?" तू म्हणालास, "लढाऊ बोट हाय." सगळी एसटी हसली. ड्रॉइंग नाही, मापं नाहीत, धातू कोणता त्याचा पत्ता नाही. झिजलेला नमुना तेवढा हातात. आमच्या उद्यमनगराला त्याची सवयच आहे. नमुना टाका आणि आठ दिवसांनी या, एवढंच आम्ही गिऱ्हाइकाला सांगत आलो. तो पंखा चालला, आणि मग तुमच्याकडून रीतसर ऑर्डरी यायला लागल्या.

काम कसं करायचो तेही लिही. नमुना आधी रॉकेलनं धुवायचा. मग त्यावरचे खड्डे, गंजानं पडलेली भोकं, कुणी ठोकून केलेल्या चिरा, सगळं मेणानं भरून घ्यायचं, आणि मगच मापं काढून साच्यासाठी लाकडी पॅटर्न करायचा. माझ्या वस्तादांचा नियम होता की जुन्याची खोट नव्यात न्यायची नाही. ती खोट बघायला डोळा लागतो. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून आणायचं आणि माझ्याकडं घासून बसवायचं.

पंखे चौदा. बुश किती ते देवाला माहीत. कूलरची झाकणं सहा. आणि तू राहू द्या म्हणालास तरी लिहितो, कारण माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. दोन हजार नऊ साली वाफेच्या व्हॉल्व्हचे चार संच केले. आतल्या पाचरी मी स्वतः घासल्या. नमुन्याच्या पाचरीला एका अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं होतं. वाफ अडवायची ती पाचर आणि तिलाच भोक, म्हणजे बुडाला गळणारी घागर. ते भरून टाकलं. चौथी पाचर तर अशी बसली होती की दिव्यासमोर धरली तर उजेडाची रेघ दिसत नव्हती. हे साहेबांच्या वहीत गेलंच पाहिजे.

आता एक माझं. त्या वहीत आदर्शचं नाव येणार का? 'दुर्दम'वर मेलेल्यांची नावं घालणार असतील तर त्याचंही येईल. त्याच्या चुकीसकट येणार असेल तर नको. पोरगा माझाच, पण खरं ते खरं. लाइनमधलं पाणी काढल्याशिवाय वाफ सोडू नये, हे बॉयलरवरचा अंगठेबहाद्दर माणूससुद्धा जाणतो. चौकशीचा कागद आजही ट्रंकेत आहे. खंडेनवमीला हत्यारांपुढं मी वस्तादांचा फोटो ठेवतो, आदर्शचा ठेवत नाही. यंत्राचा नियम मोडणाऱ्याचा फोटो यंत्रापुढं कसा ठेवायचा? तुझी आक्का यावरनं माझ्याशी बोलायची थांबते आणि दसरा झाला की पुन्हा बोलते.

संयोगिता आठवीत गेली. तिला नेव्हीत जायचं आहे. परवा अनुजा तिला म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातनं एक चूक झाली, ती पुरं झाली या घराला." पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मला मध्ये पडता आलं नाही, कारण अनुजा बोलली ते माझंच वाक्य होतं.

जोतीराम

---

विशाखापट्टणम
११ जुलै २०२५

ती. दाजी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. एसटीचा किस्सा त्यांनी दोनदा वाचायला लावला. पंखे, बुश, झाकणं सगळं घेतलं. व्हॉल्व्हचं मात्र जागेअभावी राहील असं दिसतं. मनाला लावून घेऊ नका. आता बोटच नाही राहिली तर कुठला भाग कुणी केला, याला कोण विचारतो?

आदर्शचं नाव येईल. मरण पावलेल्यांच्या यादीत नुसतं नाव आणि तारीख असते, कारण लिहीत नाहीत. तुम्ही त्याची काळजी करू नका.

दाजी, लहान तोंडी मोठा घास घेतो. फोटो ठेवत जा. झालं ते झालं. पोरगं कामाला पक्कं होतं, माझ्या हाताखालून दोनशे माणसं गेली, पण एवढा नेमाचा एकही नव्हता. त्या सकाळीसुद्धा उकाड्यात दहा मिनिटं उकिडवा बसून शेवटचा थेंब पडेपर्यंत नळाशी थांबला होता. मी वरून हाक मारली तर म्हणाला, "मामा, घाई नको." अशा पोरावर इतकी वर्षं राग धरू नये. त्याचं नशीब, दुसरं काय.

संयोगिताला म्हणावं, अभ्यास कर. फॉर्मबिर्म मी बघतो.

आपला,
कृष्णात

---

गडमुडशिंगी
२१ जुलै २०२५

कृष्णात,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग ट्रंक उघडली आणि चौकशीचा कागद शेजारी ठेवून पाचव्यांदा वाचलं.

कागदात लिहिलंय की आदर्श पोवार यानं लाइनमधलं पाणी न काढता वाफ सोडली, पाण्याचा दणका बसला आणि व्हॉल्व्हचं झाकण फुटलं. खाली आधार म्हणून एकाच माणसाची जबानी आहे, इंजिनरूमच्या चीफची. म्हणजे तुझी. आणि आता तू लिहितोस की तो दहा मिनिटं लाइनमधलं पाणी काढायच्या नळाशी बसला होता आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला होता.

यातलं एक खोटं आहे. माझं पोरगं तीन दिवस दवाखान्यात तळमळून गेलं. मी त्याच्या उशाशी बसून त्याला काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "एवढी कसली घाई केलीस रे?" त्याच्या तोंडाला पट्ट्या होत्या. त्यानं नुसती मान हलवली. मी समजलो, कबूल करतोय.

वाफ तू सोडलीस का? तुझ्या हातनं चूक झाली आणि ती भाच्याच्या गळ्यात घातलीस का? मला दुसरा अर्थ लागत नाही. म्हणूनच बारा वर्षं बहिणीच्या उंबऱ्याला पाय लागला नाही तुझा, आणि नाव गुडघ्यांचं.

तुझ्या आक्काला अजून सांगितलेलं नाही. उत्तर आल्यावर सांगेन. पत्र रजिस्टर करतोय, मिळालं नाही म्हणू नकोस.

जोतीराम पोवार

---

गडमुडशिंगी
१८ ऑगस्ट २०२५

कृष्णात,

तुझ्या सहीची पोचपावती पोस्टमननं आणून दिली, त्याला आज बावीस दिवस झाले. सही करायला हात चालतो.

आक्कानं विचारलं, "तुमच्या पाव्हण्याचं पत्र न्हाई आलं?" मी न्हाई म्हटलं. तुझं जुलैचं पत्र मी ट्रंकेत लपवलंय; तुझ्यामुळं मी तिच्याशी खोटं बोललो. आता लिही.

जोतीराम

---

विशाखापट्टणम
२ सप्टेंबर २०२५

ती. दाजी यांस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

वाफ मी सोडली नाही. आदर्शनंच सोडली आणि रीतीप्रमाणं सोडली. त्यानं पाणी काढलं होतं, मी वरून पाहत होतो. चौकशीत मी खोटं सांगितलं.

या पत्राबरोबर एक पार्सल येईल. उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यात तुमची चौथी पाचर आहे. ती चार वर्षं स्टोअरमध्ये पडून होती, अपघाताच्या आधी तीन आठवडे बसवली. अपघातानंतर ती पुन्हा स्टोअरमध्येच होती; 'दुर्दम' तोडायला जाण्याआधी मी ती मागून घेतली.

नमुन्यातलं ते भोक गंजाचं नव्हतं. ते बनवणाऱ्यांनीच पाडलेलं होतं. पाचर खाली उतरली की तिच्या वर, झाकणाखाली, थोडी पोकळी राहते आणि तिथं वाफेचं पाणी होऊन साचतं. लाइनमधलं पाणी नळानं निघतं, पोकळीतलं निघत नाही. वाफ आली की ते तापतं, फुगतं, आणि त्याला वाट नसेल तर झाकण फोडून बाहेर येतं. ती वाट म्हणजे ते भोक होतं. तुमच्या पहिल्या तीन पाचरी कुठंतरी केसभर झिरपत होत्या, म्हणून त्यांना काही झालं नाही. चौथी तुम्ही फारच चांगली बसवली होती, दाजी.

हे मला आधी कळायला हवं होतं. नऊ साली माल उतरवून घेताना भोक नाही हे मी पाहिलं होतं. मनात आलं, दाजींनी सुधारून दिलंय. घरचं माणूस, विचारायचं काय, म्हणून पास केलं आणि सही केली. अपघातानंतर व्हॉल्व्ह खोलल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग चौकशी बसली तेव्हा मी पहिल्याच दिवशी पाणी न काढल्याचं कारण देऊन टाकलं, त्यामुळं पाचरीकडं कुणी पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात मी उरलेल्या तिन्ही पाचरींना गुपचूप भोकं पाडली. त्यानंतर त्या बोटीवर कुणाला काही झालं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे तुमच्यासाठी केलं. आपल्या हातच्या कामानं आपलं पोर गेलं, हे कळून माणूस जगेल कसा? त्यापेक्षा पोराची चूक झाली म्हणून रडेल आणि सावरेल. पण खरं सांगायचं तर सही माझी होती. नोकरीची पाच वर्षं उरली होती. आधी मी स्वतःला वाचवलं, तुमचं निमित्त पुढं केलं ते नंतर, झोप यावी म्हणून.

तुम्ही फोटो ठेवत नाही हे वाचलं आणि राहवलं नाही. म्हणून नळाचं लिहून गेलो. चुकून लिहिलं की मुद्दाम, मला सांगता येत नाही.

कृष्णात

---

गडमुडशिंगी
१४ ऑक्टोबर २०२५

कृष्णात,

पार्सल आलं त्या दिवशीच उघडलं. पाचर पुसली आणि उन्हात धरली. चांगलं काम आहे. बारा वर्षांनीसुद्धा बसायच्या जागेवर ओरखडा नाही. भोक असायला हवं होतं तिथं बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. खंडेनवमीला कारखाना उघडला नाही.

तू सगळं लिहिलंस, पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मलाही ती आठवायला पाचर हातात घ्यावी लागली, किंवा आठवत होती आणि मी तिच्याकडं पाहत नव्हतो.

नऊ साली नमुना आला तेव्हा आदर्श सुट्टीवर घरी होता. दुपारी डबा घेऊन कारखान्यात आला. मी मेण तापवत होतो. त्यानं पाचर उचलली, भोकात काडी घालून बघितली आणि म्हणाला, "आबा, हे मुद्दाम पाडल्यागत वाटतंय. काठ बघा की, गंजानं एवढं गोल हुईत न्हाई. बुजवू नगासा, आधी मामाला इचारा." शेजारी दोन कारागीर उभे होते. पोरानं चारचौघांत खोट काढली ते मला लागलं. मी म्हटलं, "चार बुकं शिकलास म्हणून बापाला शिकवतोस व्हय? डबा ठेव आन जा." तो डबा ठेवून गेला. मी अंगठ्यानं मेण दाबलं.

तुला एक फोन केला असता तर झालं असतं. तेव्हा मला ऐकू येत होतं.

आता माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते. त्या सकाळी तो नळाशी दहा मिनिटं बसला होता, तेव्हा समोरच्या व्हॉल्व्हात बापाच्या हातची पाचर आहे हे त्याला माहीत होतं का? माहीत असेल तर ते भोक आठवलं असेल का? दवाखान्यात मी घाईचं विचारलं तेव्हा तो मान हलवून 'न्हाई' म्हणत होता, एवढं मात्र आता कळलं.

तुझ्यावर राग आहे. तो जाणार नाही. पण मला तुझ्यापेक्षा वर बसता येत नाही. तू सही केलीस, मी भोक बुजवलं, आणि दोघांनी मिळून दोष त्याच्यावर घातला. तू एकदा घातलास, मी बारा वर्षं रोज घातला.

आता दोन कामं कर. तुझी जबानी खोटी होती हे नेव्हीला लेखी कळव, तुझ्या पेन्शनीचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि साहेबांना सांग, व्हॉल्व्हचं जागेअभावी राहू देऊ नका. लिहा की ही पाचर जोतीराम पोवार यानं केली आणि तिच्यातलं भोक आपल्या शहाणपणानं बुजवलं. लिहा की आदर्श जोतीराम पोवार यानं नियम पाळला होता. एवढी दोन वाक्यं. पंख्यांचं आणि एसटीचं काढून टाकलं तरी चालेल.

घरात सांगितलं. आधी अनुजाला. ती संयोगिताला जवळ घेऊन आत गेली. मग तुझ्या आक्काला. तिला पाचर दाखवली, भोकाचं सांगितलं, आदर्श काय म्हणाला होता तेही सांगितलं. ती एरवी माझ्याशी ओरडूनच बोलते, मला ऐकू जावं म्हणून. त्या दिवशी हळू बोलली. ओठांवरनं कळलं.

"त्यानं पाणी काडलं हुतं न्हवं?"

व्हय म्हटलं.

"शेवटचा थेंब पडूस्तवर बसला हुता?"

व्हय म्हटलं.

"म्हंजे माज्या पोरानं नीट केलं हुतं."

मला रडू आलं. तिनं हात वर करून थांबवलं. म्हणाली, "तुमी रडू नगासा. बारा वर्सं त्येला बोललासा. आता गप बसा." तेव्हापासनं मी गप आहे. जेवायला वाढते, चहा देते. बोलत नाही. दसरा होऊन बारा दिवस झाले.

काल एकदाच बोलली, ते तुझ्याबद्दल. लिहून घ्या म्हणाली, म्हणून तिच्याच शब्दांत लिहितो.

"भाऊबीजला त्येला येऊ दे. ओवाळायचं का न्हाई ते मागनं बगू. आदी माज्यापुढं बसून त्या धा मिन्टांचं सांगायचं. पोरगं कसं बसलं हुतं, अंगात काय हुतं, काय काय बोललं, समदं. मला त्येचं तेवडंच ऱ्हायलंय."

मी विचारलं, मीही बसू का ऐकायला? तसं कानाला मोठं यंत्र लावलं तर थोडं कळतं.

"न्हाई," म्हणाली. "तुमी तवा म्हशीकडं जावा."

तू ये. मी म्हशीकडं असेन.

जोतीराम